दार लावलं, पुढे?

येशूने प्रार्थनेची पद्धत सोपी सांगून ठेवली आहे: आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि पित्याची प्रार्थना कर (मत्तय ६:६). मी खोलीत जाते, दार लावते. त्या काळी दार लावलं की जग बाहेर राहत असावं. माझ्याकडे ते आधीच आत, उशीशेजारी चार्जिंगला लावलेलं असतं.

मोबाईल बाहेर ठेवावा, तर बायबलही त्याच्यातच. स्तोत्र उघडायला जावं आणि वरून पट्टी सरकावी: 'तुमचं स्टोरेज भरत आलं आहे.' याला सैतानाचं काम म्हणवत नाही, पण वेळ अगदी त्यानेच साधल्यासारखी. मग नको असलेले फोटो पुसायला घ्यायचे. नको असलेला एकही सापडत नाही, आणि जुन्या लग्नातले सगळे बघून होतात. त्यात वाचायला ११९वं स्तोत्र असेल तर संपलंच. १७६ वचनं! दोनच स्तोत्रं अलीकडे ११७वं आहे, फक्त दोन वचनांचं. बोट आपोआप तिकडे जातं. पण दोन वचनांच्या मधेही 'गॅस बंद केला का?' एवढं मावतं.

इतरांसाठी प्रार्थना करणं त्याहून निसरडं. 'प्रभू, वरच्या मजल्यावरच्यांना आशीर्वाद दे.' इथवर ठीक. 'त्यांना सुबुद्धी दे.' इथे मनातल्या मनातसुद्धा आवाज चढतो. 'म्हणजे मध्यरात्री ते कपाटं सरकवणार नाहीत.' यापुढे मी देवाशी बोलतच नसते, तक्रार अर्ज लिहीत असते. मुद्देसूद, तारीखवार. 'आमेन' तेवढं भक्तिभावाने.

पण हे सगळे उघड चोर. देवाचंच नाव सांगून आत शिरतात ते विचार जास्त पोचलेले. मार्था आणि मरीया या बहिणींची गोष्ट वाचत होते. मरीया प्रभूच्या चरणांजवळ ऐकत बसलेली, मार्थेची कामात धांदल. (माझी सहानुभूती मार्थेला. पाहुणे जेवणार होते, आणि ते कुणाला तरी रांधावं लागणारच होतं.) त्यांचं गाव बेथानी. ते नेमकं कुठे, म्हणून नकाशा उघडला. हा अभ्यासच झाला की. यरुशलेमपासून तीनेक किलोमीटर. म्हणजे चालत किती वेळ? आपणही रोज तेवढं चालायला हवं. पण मग बूट हवेत. 'मार्था, मार्था, तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी करतेस,' असं प्रभू म्हणाला तेव्हा मी बुटांच्या तळव्यांची तुलना करत होते.

दिलासा एकच, मोठ्यांचंही असंच व्हायचं. संत ऑगस्टिनने चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलंय, की घरी बसलेलं असताना माश्या पकडणारी पाल किंवा जाळ्यात माशी गुंडाळणारा कोळी त्याचं लक्ष वेधून घेतो. एवढा बिशप, आणि पाल बघत बसतो! वाचून इतकं बरं वाटलं की मी लगेच भिंतीकडे पाहिलं. तो पालीवरून निर्मात्याच्या स्तुतीकडे वळतो. मी झाडू आणायला वळते.

आणि उपासनेत डुलक्या काढणाऱ्यांचा तर युतुख हा आद्यपुरुषच. त्रोवस शहरात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. खिडकीत बसलेल्या या तरुणाला गाढ झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला (प्रेषितांची कृत्ये २०). उचलला तेव्हा मेलेला होता. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं आणि त्याच्यात जीव आहे म्हणून सांगितलं. एखाद्या पाळकाने एवढ्यावर संदेश आवरता घेतला असता. पौल वर गेला, भाकर मोडली, खाल्ली, आणि थेट पहाटेपर्यंत बोलत राहिला.

त्या उत्तरार्धात युतुख कुठे बसला होता, हे 'कृत्ये' लिहिणारा लूक सांगत नाही. खिडकीत कुणी बसू दिलं नसावं.