पऱ्हाटीलाही सांगाडा असतो, राजेहो

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'प्रत्येक पेशीत हाडासारखा पक्का सांगाडा असतो. तो कॅल्शियमने घट्ट होतो, म्हणून आमची पावडर घ्या. झाडांना पेशीभित्तिका असते, त्यांना हा सांगाडा लागतच नाही.' दहावीच्या दोन पोरांनी हे वहीत उतरवलं, म्हणून लिहितो.

कॅल्शियमचं आधी उरकतो. पेशीकंकाल, म्हणजे पेशीतला हा सांगाडा, प्रथिनांचा असतो: ॲक्टिन, ट्युब्युलिन, केराटिन. हाडात भरतो तसा चुना त्यात नसतोच. स्नायूला आखडायचा इशारा कॅल्शियम देतं, हे खरं. पण इशारा देणारा म्हणजे खांब नव्हे.

'पक्का' हा शब्द तर साफ चूक. सूक्ष्मनलिका, म्हणजे या सांगाड्यातली ट्युब्युलिनची बारीक नळी, जेमतेम २५ नॅनोमीटर जाडीची. ट्युब्युलिनचे तुकडे जुळत ती वाढते आणि अचानक भराभर सुटते. सुटलेले तुकडे दुसऱ्या नळीला लागतात. लग्नाचा मांडवच म्हणा ना, इथल्या बल्ल्या उपटल्या की पुढच्या दारी. मिचिसन आणि किर्शनर या शास्त्रज्ञांनी १९८४ साली हे दाखवलं. पुरावा आपल्या धुऱ्यावरच आहे: कळलावी. तिच्यातलं कोल्चिसिन सुट्या ट्युब्युलिनला चिकटतं, मग गुणसूत्रं ओढणाऱ्या नळ्या उभ्याच राहत नाहीत आणि पेशीचं विभाजन अडतं. सांगाडा कायमचा बांधलेला असता तर सुटे तुकडे अडवून काय बिघडलं असतं? (तिच्या कंदाच्या वाटेला जाऊ नका, जीव जातो.)

आता झाडं. फुटलेल्या बोंडातली एक सरकी घ्या, तिच्यावरचा एकच तंतू चिमटीत ओढा. जवळजवळ तीन सेंटिमीटरचा तो अख्खा तंतू म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालीवरची ही पेशी फूल उमलताना फुगते आणि दोन-तीन आठवडे लांबत जाते. पेशीपटलाला आतून सूक्ष्मनलिका लागून असतात. सेल्युलोज विणणारी यंत्रं त्यांच्या रेघेने सरकतात. तंतूभोवती सेल्युलोजचे आडवे वेढे पडतात, म्हणून तो पुढे जाडीत फुगत नाही, लांबतो. पुढे भिंत भरते, पेशी मरते, आणि आपण वेचतो ती नुसती भिंत. जिनिंगवाला जिला स्टेपल म्हणतो, ती लांबी या नळ्यांशिवाय मिळत नाही.

मेसेजमध्ये थोडं खरंही आहे. केराटिनसारखे 'मध्यम तंतू', म्हणजे पेशीच्या सांगाड्यातले दोरे, झाडांत सापडत नाहीत. पोळ्याला बैलाचं जे शिंग रंगवतो, त्याचं वरचं आवरण याच केराटिनचं.

पोरांनी ती ओळ खोडावी आणि शेजारी सरकीचा एक तंतू चिकटवावा.