मणक्यातली सुई : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या अल्झायमर संशोधनात कृष्णवर्णीयांची संख्या फार कमी आहे, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "टस्कीगी संपून पन्नास वर्षं झाली. दारं उघडी आहेत, तेच येत नाहीत. आणि रक्तातलं प्रथिन काय माणसाचा रंग बघतं?"

आधी टस्कीगी. १९३२ ते १९७२ या काळात अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसेवेने अलाबामा राज्यातल्या टस्कीगी भागातले सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष निरीक्षणाखाली ठेवले. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. पेनिसिलिन हे त्यावरचं औषध सर्रास मिळू लागलं तरी ते त्यांना दिलं नाही. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्या लोकांच्या मणक्यातून पाणी काढलं, आणि त्यासाठी "खास मोफत उपचार" अशी पत्रं पाठवून त्यांना बोलावलं, हे फारसं सांगितलं जात नाही. आज अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या खुणा शोधताना संशोधक काय मागतात? बऱ्याचदा तेच, मणक्यातलं पाणी. आजोबांना फसवून टोचलेली सुई नातवापुढे आली, तर तो चार प्रश्न जास्त विचारणारच. माझ्या मामांना इथे तपासणीसाठी हेच सांगितलं, तेव्हा "पाय लुळे पडतील" म्हणून ते घाबरले होते. आमच्या मागे तर असला इतिहासही नाही. डॉक्टरांनी अर्धा तास बसून समजावलं, मग तयार झाले.

आता उघड्या दारांबद्दल. २००६ मध्ये वीस आरोग्य-अभ्यासांतल्या सत्तर हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांना प्रत्यक्ष विचारलं, त्यांच्या होकाराच्या प्रमाणात वंशानुसार फरक अगदी थोडा निघाला. तरीही अॅड्युकॅनुमॅब या अल्झायमरवरच्या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्यांतल्या ३,२८५ जणांत कृष्णवर्णीय होते फक्त १९! एक तर विचारायलाच कोणी जात नाही. विचारलं, तरी बरोबर घरचं माणूस लागतं, आणि रोजावर काम करणाऱ्या मुलीने कितीदा खाडा करायचा? त्यातून पोचलेल्यांपैकीही अनेकांना इतर आजारांमुळे, किंवा मेंदूत अॅमिलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) पुरेसं नाही म्हणून, परत पाठवतात.

प्रथिन रंग बघत नाही, हे खरंच. पण मूत्रपिंड बिघडलं की रक्तातलं पी-टाऊ, म्हणजे अल्झायमरचा अंदाज देणारं प्रथिन, वाढलेलं दिसू शकतं, आणि मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार तिथल्या कृष्णवर्णीयांत जास्त आहेत. मधुमेह आपल्याही घराघरांत आहे. ज्यांना हे आजार नाहीत अशांच्याच रक्तावरून "नॉर्मल"ची रेघ आखली, तर ती इतरांना चुकीचं उत्तर देऊ शकते. मे २०२५ मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठीच्या रक्तचाचणीला पहिल्यांदा परवानगी मिळाली, म्हणून हा प्रश्न आता प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही.

एक चूक मात्र माझीही आहे. "हे लोक सहभागी व्हायला तयार नसतात" असं मी मूळ लेखात लिहिलं होतं. तुमचा दुसरा मुद्दा कदाचित तिथूनच आला असेल. ते वाक्य आज काढून टाकलं आहे.