दर ९० दिवसांनी पासवर्ड? नको!

पासवर्ड आणि ऑनलाइन सुरक्षेवरच्या तुमच्या लेखातलं बाकी बरंचसं पटलं, पण त्यातला 'दर ९० दिवसांनी पासवर्ड बदला' हा सल्ला आता निवृत्त करायला हवा. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच सांगितलंय की पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावा, उगाच मुदती घालू नका. सक्ती केली की लोक काय करतात? शेवटच्या १ चा २ करतात, पुढच्या वेळी ३, आणि चिठ्ठी कीबोर्डखाली. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा लांबलचक पासवर्ड घ्यावा. प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि लक्षात ठेवायला पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद जपून ठेवणारं ॲप.

टू-फॅक्टर (पासवर्डनंतर फोनवर मंजुरी किंवा कोड अशी दुसरी खात्री) लावलं की निर्धास्त, असाही सूर लेखात आहे. २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड हल्लेखोराच्या हाती लागला होता. हल्लेखोर पुन्हा पुन्हा लॉगिन करत राहिला, कर्मचाऱ्याच्या फोनवर 'मंजूर करा'ची सूचना येत राहिली. आधी कर्मचाऱ्याने नाकारल्या, शेवटी एकदा मंजूर केली. खेळ खल्लास! आपण लॉगिन करत नसताना अशी सूचना आली म्हणजे आपला पासवर्ड कुणाकडे तरी पोचलाय असंच धरून चालावं. नाकारायची, लगेच पासवर्ड बदलायचा आणि आयटीला कळवायचं.

आणि आयटीवाल्यांनीही कळवणाऱ्यावर खेकसू नये. एकदा बोलणी खाल्लेला माणूस पुढच्या वेळी संशयास्पद मेल गुपचूप डिलीट करून मोकळा होतो.