सारखा दिसणारा कोड आणि एकाच नियमाचा कोड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बिलिंग सॉफ्टवेअरमधील पुनरावृत्त कोड आणि लांबलचक फंक्शने (ठराविक काम करणारे, नाव दिलेले कोडचे भाग) यांवरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. चालत्या कोडला केवळ नीटनेटकेपणासाठी हात लावू नये, हा पहिला. चुकीच्या पद्धतीने एकत्र केलेल्या कोडपेक्षा थोडी पुनरावृत्ती परवडते, हा दुसरा. आणि चारशे ओळींचे फंक्शन निदान वरून खाली सलग वाचता येते, त्याचे तुकडे केले की वाचणाऱ्याला दहा फायली उघडाव्या लागतात, हा तिसरा. यांतला दुसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, म्हणून आधी तोच घेतो.

प्रोग्रॅमिंगवरील पुस्तकांच्या लेखिका सँडी मेट्झ यांनीही हेच मत आग्रहाने मांडले आहे आणि ते मला मान्य आहे. दोन ठिकाणचा कोड सारखा दिसतो एवढ्यावरून तो एकत्र करावा, असे माझे म्हणणे नाही. नियम बदलला तर ही दोन्ही ठिकाणे एकाच वेळी बदलावी लागतील का, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. केसांच्या तेलावर १८ टक्के जीएसटी होता, आणि कर उशिरा भरल्यास द्यावे लागणारे व्याजही वार्षिक १८ टक्के आहे. दोन्हीकडे अठराच आहेत म्हणून कोणी एकच कॉन्स्टंट (कोडमध्ये एका नावाने ठेवलेला आकडा) वापरला असता, तर २२ सप्टेंबर २०२५ रोजी तेलावरचा दर ५ टक्के झाल्याबरोबर व्याजाची आकारणीही ५ टक्क्यांनी होऊ लागली असती. येथे पुनरावृत्ती ठेवणेच बरोबर आहे, आणि इथवर आपले मतभेद नाहीत.

मात्र विक्रीचे बिल आणि माल परत आल्यावर द्यायची क्रेडिट नोट पाहा. बहुतेक ठिकाणी बिलाचा कोड कॉपी करूनच क्रेडिट नोटचा कोड तयार झालेला असतो. पुरवठा राज्यातल्या राज्यात असेल तर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी निम्मे-निम्मे, राज्याबाहेर असेल तर आयजीएसटी, हा दोन्हीकडे एकच नियम आहे; राउंडिंगचाही एकच असायला हवा. १८ टक्के कराच्या साडेबारा रुपयांच्या वस्तूवर प्रत्येकी ९ टक्के म्हणजे १.१२५ रुपये, राउंड केल्यावर १.१३, आणि दोन्ही कर मिळून २.२६. तोच कर आधी १८ टक्क्यांनी एकदम काढला तर २.२५ येतो. एका प्रतीत कोणी पहिली पद्धत ठेवली आणि दुसऱ्या प्रतीत दुरुस्ती करताना दुसरी आणली, की बिल आणि क्रेडिट नोट एका पैशाने जुळेनाशी होतात, आणि हा पैसा महिनाअखेरीस हिशेबनीसाला शोधत बसावा लागतो.

याच जोडीत आपला मुद्दाही दडलेला आहे. दर बदलण्यापूर्वी विकलेला माल दर बदलल्यानंतर परत आला, तर क्रेडिट नोटवर मूळ बिलाचाच दर लागतो. दोन्ही कोड एकत्र करणाऱ्याने येथे ‘क्रेडिट नोट आहे का’ असा फ्लॅग (हो-नाही खूण) फंक्शनमध्ये घातला, तर पुढे डेबिट नोटसाठी दुसरा फ्लॅग येतो, मग तिसरा, आणि आपण म्हणता तशी अवस्था होते. त्याऐवजी फंक्शनला मूळ पुरवठ्याची तारीख दिली आणि दर तारखेनुसार तक्त्यातून घेतला, तर फंक्शनला समोर बिल आहे की नोट हे कळण्याची गरजच उरत नाही. एकत्रीकरण फसते ते बहुतेकदा नेमके काय बदलते आहे हे न शोधल्यामुळे, असे माझे ठाम मत आहे.

शोधण्याच्या साधनांबद्दल थोडेसे. पीएमडी या कोड तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधील सीपीडी हे साधन कोडचे टोकन (शब्द-चिन्हांचे सुटे तुकडे) करून सारख्या मालिका शोधते, आणि काही भाषांत व्हेरिएबलची (किमती साठवणाऱ्या कप्प्यांची) नावे दुर्लक्षित करण्याची सोयही देते. परंतु मालिकेची किमान मर्यादा शंभर टोकनांची ठेवली, तर १.१८ ने भागून करासह किमतीतून मूळ किंमत काढणारी एक ओळ त्यात कधीच सापडत नाही, आणि दर बदलला की सर्वांत आधी चुकते ती हीच ओळ. म्हणून मी १.१८, ०.१८ आणि ०.०९ हे आकडे सरळ संपूर्ण कोडमध्ये शोधतो.

लांब फंक्शनबद्दल आपण म्हणता त्यात तथ्य आहे. कोड तपासणाऱ्या साधनांपैकी ईएसलिंटचा फंक्शनच्या लांबीचा नियम मुळात ५० ओळींचा आहे, चेकस्टाइलचा १५० ओळींचा. यावरूनच ओळींची संख्या हा निकष किती सैल आहे हे दिसते. मी पाहतो ते व्हेरिएबलकडे. ‘एकूण’ नावाचे व्हेरिएबल विसाव्या ओळीवर सवलतीपूर्वीची रक्कम असते, नव्वदाव्या ओळीनंतर करासह रक्कम होते, आणि तीनशेव्या ओळीवर साठा वजा करणारा कोड ते वापरतो तेव्हा त्यात काय आहे हे वरच्या सगळ्या ओळी वाचल्याशिवाय सांगता येत नाही. असे फंक्शन सलग वाचता येते, पण मधूनच कुठे सुरक्षितपणे बदलता येत नाही. रक्कम ठरवणे, साठा कमी करणे आणि छपाई ही तीन कामे वेगळी केली तरी पुरते. वीस तुकडे मीही करणार नाही.

राहिला चालत्या कोडचा प्रश्न. ज्या फाइलला वर्षानुवर्षे कोणी हात लावलेला नाही ती मीही तशीच ठेवीन. कोणती फाइल वारंवार बदलते आणि कोणत्या दोन फायली नेहमी एकाच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) येतात, हे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासात दिसते. काम तेथून सुरू करावे. त्याआधी जुन्या कोडने काढलेली प्रत्यक्ष बिले त्यांच्या इनपुटसह बाजूला ठेवावीत. त्यांत राज्यांतर्गत व आंतरराज्य, सवलतीची, परताव्याची आणि दर बदलण्याच्या आधीची व नंतरची, अशी सगळी असावीत. नवा कोड हीच बिले पैशापर्यंत तशीच काढतो का ते प्रत्येक छोट्या बदलानंतर तपासावे. आणि एखाद्या बिलात फरक आला, तर तो जुन्या कोडमधला दोष असला तरी त्याच कमिटमध्ये दुरुस्त न करता वेगळा नोंदवावा.