कुकरातला केक

केकला लोणी, अंडी, ओव्हन आणि वजनकाटा लागतो, हे पाककृती लिहिणारे ज्या सहजतेने सांगतात, त्यावरून त्यांनी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या विद्यार्थ्यांच्या खोलीत एक दुपारही काढलेली नसावी, असे माझे ठाम मत आहे. आमचे स्वयंपाकघर म्हणजे 5 किलोचा सिलिंडर आणि एक शेगडी मावेल एवढा बाल्कनीचा कोपरा. अंडी घरमालकीण काकूंच्या नियमांत बसत नाहीत आणि लोणी आणलेच तर ते केकपर्यंत न पोहोचता पोळीवरच संपते. उरतात ते रवा, साखर, आंबूस दही आणि प्रेशर कुकर.

कुकरचा ओव्हन करायचा, तर तळाशी मीठ पसरून, झाकणाची शिट्टी आणि रबरी रिंग काढून तो दहा मिनिटे कोरडाच तापवावा लागतो. पाककृतीत 180 अंश सेल्सिअस लिहिलेले असते. आमच्याकडे कुकरजवळ नेलेला हात किती चटकन मागे येतो, यावरून अंश ठरतात. करपल्याचा वास वरच्या मजल्यावर गेला की काकू जिन्यातूनच विचारतात, "अरे, भाताला शिट्टी का होत नाही तुमच्या?"

खरी कसोटी केक फुगवण्याची. नुसता खायचा सोडा ढिला हात सोडून घातला आणि त्याला पुरेसे आंबट मिळाले नाही, तर उरलेल्या सोड्याने केकला साबणाची चव येते, म्हणून आम्ही ईनोकडे वळलो. नाशिकमध्ये रविवारी मिसळ खाणाऱ्यांच्या खोलीत मैदा नसेल, पण ईनोची पुडी हमखास असते. त्यात सोडा आणि सायट्रिक आम्ल दोन्ही असल्यामुळे ओले होताच ते फसफसते, आणि तो वायू निसटण्याआधी भांडे कुकरात जायला हवे. नेमक्या त्याच क्षणी माझ्या रूममेटला फोटो काढायचा असतो, तोही उजेड नीट नाही म्हणून पुन्हा.

हा रूममेट द्राक्षांच्या निफाडचा, त्यामुळे बेदाण्यांना आमच्याकडे तोटा नाही. बेदाणे तळाशी बसू नयेत म्हणून ते कोरड्या मैद्यात घोळवावेत, असे कुठेसे वाचून आम्ही ते रव्यात घोळवले; परिणामी बेदाणे रव्यासकट तळाशी गेले. केक ताटात उपडा करून आम्ही त्याला सजावट म्हटले आणि एक तुकडा रीतसर वर पाठवला.

काकूंनी तो चाखून पाहिला. "शिरा कोरडा झालाय रे, तूप फारच हात राखून घातलंस," असे म्हणत त्यांनी स्वतःच्या बरणीतले चमचाभर तूप त्यावर सोडले आणि तुपासह तो खरोखरच बरा लागला.