टर्मिनलात कीबोर्ड पिसाळलाय? मग एवढं कराच

फोन लाइनवरून डायल-इन करून पलीकडच्या मशीनवर लॉगिन झालात, बॅकस्पेस दाबलं आणि अक्षर पुसायच्या ऐवजी टोपी घातलेला एच (^H) उमटला, तर आधी कीबोर्ड बदला. चांगला महागातला घ्या. एच त्यावरही येणारच, पण आवाज भारी येईल.

कंट्रोल-व्ही दाबून मग बॅकस्पेस दाबलं की ती की नेमकं काय पाठवते ते दिसतं, पण असल्या चौकशा कशाला? उगाच कळायचं की तुमचा प्रोग्राम ८ नंबरचा कोड (तोच टोपीवाला एच) पाठवतोय आणि पलीकडचा १२७ ची वाट बघत बसलाय. हा वाद पेपर टेपच्या काळापासूनचा (सातही भोकं पाडली की अक्षर खोडलं असं धरायचे, तेच हे १२७), आणि तुम्ही एसटीटीवाय इरेज (stty erase) ही कमांड लिहून, पुढे बॅकस्पेस दाबून एंटर मारलं की तो मिटला, मग मजा काय राहिली!

फाइल सेव्ह करायला कंट्रोल-एस अवश्य दाबा. स्क्रीन गोठेल. आता कंट्रोल-क्यू दाबायचं नाही हां, दिसेल ती की बडवायची, मग कधीतरी बोट चुकून क्यूवर पडलं की मधे साठलेलं सगळं धडाधड पलीकडे चालेल, त्यात आपण वैतागून काय काय टाइप केलेलं ते पण कळेल.

व्हीआय या एडिटरमधे वरचा बाण दाबल्यावर नवी ओळ उघडून त्यात नुसता ए आला तर व्हीआयला शिव्या घाला, तसंही सगळे घालतातच. बाण म्हणजे एस्केप, ओ, ए अशी तीन अक्षरं जातात आणि लाइन स्लो असली की एस्केप एकटाच आधी पोचतो, मग मागून आलेला ओ म्हणजे नवी ओळ उघडायचा हुकूम समजला जातो, हे मनातसुद्धा आणू नका.

प्रत्येक अक्षर दोनदा दिसतंय? एकाआड एक टाइप करा. मिनिकॉम या टर्मिनल प्रोग्राममधे कंट्रोल-ए आणि मग ई दाबून लोकल एको (आपण टाइप केलेलं आपल्याच बाजूनं परत दाखवणं) बंद होतो म्हणतात, होईना का.

आणि पलीकडचं सगळं दिसतंय पण तुमचं एक अक्षर जात नाहीये, असं थेट सिरियल केबल लावल्यावर झालं तर सर्व्हर तुमच्यावर रुसलाय. केबलला तीनच वायरी आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल (जास्तीच्या वायरीवरून 'आता पाठव' असा सिग्नल घेणं) मात्र चालू, म्हणून प्रोग्राम कधीच न येणाऱ्या सिग्नलची वाट बघतोय, असलं कंटाळवाणं कारण कोणी सांगितलं तर ऐकू नका. सेटिंगमधे दिसेल ते उलटसुलट करा आणि जाताना डिफॉल्ट म्हणून सेव्ह करा, उद्या बसणाऱ्यालाही पहिल्यापासून शिकता आलं पाहिजे.