बी-१२साठी स्पिरुलिनाच्या गोळ्यांवर विसंबू नका

स्पिरुलिना (निळं-हिरवं शेवाळ म्हणून विकला जाणारा सूक्ष्मजीव) या विषयावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की शाकाहारी माणसाने रोज त्याच्या गोळ्या घेतल्या की बी-१२ जीवनसत्त्वाची चिंता मिटते. हे वाक्य कृपा करून बदला. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांशी बी-१२सारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला न वापरता येणारं रूप असतं. माझ्या आईने याच भरवशावर आठ महिने डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद ठेवल्या. तळपायांना मुंग्या यायला लागल्या, तपासणीत बी-१२ फारच खाली गेलेलं निघालं, शेवटी इंजेक्शनं घ्यावी लागली. अशाच गोळ्या-पावडरीत मिळणारं क्लोरेला हे मात्र खरं हिरवं शेवाळ. त्यात वापरता येणारं बी-१२ सापडतं, पण प्रत्येक उत्पादनात प्रमाण वेगळं.

स्पिरुलिनात ‘६० टक्के प्रथिनं’ हा लेखातला आकडा खोटा नाही, पण तो कोरड्या वजनावरचा आहे. अर्ध्या ग्रॅमच्या सहा गोळ्यांतून दोन ग्रॅमसुद्धा मिळत नाहीत. वाटीभर वरणात त्याहून जास्त असतात, आणि तेही किती स्वस्तात!

आणखी एक, लेखात अजिबात नसलेलं: क्लोरेलात के जीवनसत्त्व भरपूर असतं. घरात कोणी रक्त पातळ ठेवायला वॉरफरीन घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्लोरेलाची पावडर देऊ नका.